सुरी घडवून घेताना: पोलादाचं नाव नंतर, पाणी आधी

स्वयंपाकघरासाठी सुरी घडवून घ्यायची म्हटली की ईएन ३१, डी२, एईबी-एल अशी पोलादांची नावं कानावर येतात. कुठलं चांगलं, हे विचारण्याआधी सुरी काय कापणार, ओली राहणार का आणि धार कोण लावणार, हे ठरवा. आणि नावाआधी पात्याला पाणी कसं देणार, म्हणजे ते तापवून-थंड करून कसं कठीण करणार, ते पाहा.

पोलादांची तुलना चार गुणांवर होते: धार किती टिकते, पातं किती चिवट आहे, गंज किती लवकर धरतं आणि घरच्या दगडावर धार किती सहज बसते. हे चारही एकत्र पुरेपूर मिळत नाहीत. धार टिकवणारे कार्बाइडचे (कार्बन आणि धातूच्या संयुगाचे) कठीण कण वाढले की चिवटपणा घटतो आणि धार लावायला घाम फुटतो.

ईएन ३१ हे बेअरिंगचं पोलाद. त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असतं. कण बारीक असल्याने धार तलम येते, ६० ते ६२ रॉकवेलवर (हे कठीणपणाचं माप) ते छान चालतं आणि साध्या दगडावर लवकर धार धरतं. अडचण गंजाची. कैरी किंवा लिंबू चिरून सुरी तशीच ओट्यावर टाकली, तर जेवणं उरकेपर्यंत डाग पडलेले असतात. वापराने पात्यावर करडा-निळसर थर चढतो. तो राहू द्या, त्याने गंज थोडा रोखला जातो. तांबूस भुकटी दिसली तर मात्र लगेच घासून काढा. कोकणातल्या पावसाळ्यात पातं पुसून तेलाचा हात फिरवायला कंटाळा येणार असेल, तर या वाटेला जाऊ नका.

डी२ बरेच जण आकडा वाचून घेतात: १२ टक्के क्रोमियम, म्हणजे स्टेनलेसच की! पण दीड टक्का कार्बन त्यातलं गंज रोखणारं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकवून ठेवतो, त्यामुळे डाग पडतातच. शिवाय हे कार्बाइड जाडे असतात. धार पातळ केली की तिचे बारीक खवले उडतात, आणि साधा दगड त्यावर नुसता घसरतो. हिऱ्याची पट्टी लागते. जाड पात्याच्या चाकूला ठीक आहे, भाजीच्या सुरीला नको.

चार हातांत फिरणाऱ्या सुरीसाठी एईबी-एल सर्वांत सोयीचं. मुळात दाढीच्या पात्यांसाठी बनवलेलं हे पोलाद: ०.६७ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम, कण बारीक. पातळ धार सोसतं, सहसा डागत नाही, दगडावर धार सहज बसते. १४सी२८एन त्याच घराण्यातलं. (चुंबक चिकटलं म्हणून स्टेनलेस नाही, असं समजू नका. ही दोन्ही चुंबकाला चिकटतात.)

हाडं तोडायच्या सत्तूरला गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद, म्हणजे ईएन ४५ किंवा त्यासारखं, ५५ ते ५७ रॉकवेलवर. भंगारातला पाटा टाळा. आतल्या चिरा दिसत नाहीत.

आता पाणी देण्याचं. एईबी-एलला साधारण १,०४० ते १,०८० अंश सेल्सियस तापमान ठरावीक मिनिटं अचूक धरावं लागतं, हवेपासून झाकावं लागतं आणि नंतर शून्याच्या बरंच खाली थंड करावं लागतं. कोळशाच्या भट्टीत, रंगाच्या अंदाजाने हे जमत नाही. म्हणून कारागिराला विचारा: भट्टी कुठली, टेंपरिंग (कठीण पातं पुन्हा हलकं तापवून चिवट करणं) किती अंशांवर, किती वेळा, आणि रॉकवेल मोजला की सांगोवांगी? उत्तरं गुळमुळीत आली तर महागडं पोलाद घेऊन उपयोग नाही. नीट पाणी दिलेलं ईएन ३१ त्याला सहज मागे टाकेल. दमास्कसची, म्हणजे थरांच्या पोलादाची, नक्षी दिसायला देखणी, पण बहुतेकदा धार मधल्या थरावर असते. तो कशाचा, तेवढं विचारा.

ऑर्डर देताना धारेमागची जाडीही लिहून द्या: भाजीसाठी ०.२ ते ०.३ मिलिमीटर, मासळीची डोकी तोडणार असाल तर ०.५. धारेचा कोन भाजीला दर बाजूला १५ अंश. जाड पातं लाल भोपळ्यात रुततं आणि गाजर चिरण्याऐवजी फोडतं. दोष मात्र पोलादाला लागतो.

सुरी हातात आली की धार पितळेच्या गोल कांडीवर साधारण १५ अंशांत हलकेच दाबून सरकवा. धार किंचित वाकून परत सरळ झाली तर पाणी बरोबर. वाकलेलीच राहिली तर मऊ, खवला उडाला तर ठिसूळ. धारेजवळ निळसर झाक दिसली तर घासताना पातं तापलं आहे, तिथला कठीणपणा गेला. झाक पुसून टाकली असेल तर ते डोळ्यांना कळणार नाही, म्हणून पहिली धार लवकर मेली तरी घाईने निकाल देऊ नका. घासायच्या यंत्राच्या पट्ट्यावर तापलेला काठ दोन-तीनदा दगडावर निघून गेला की खालचं खरं पोलाद लागतं. आणि ती धार दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर लावू नका. काठ पुन्हा तिथेच जळतो.