बारावीनंतर सार्वजनिक आरोग्य: मराठवाड्यातून एमपीएचपर्यंत

नीटला मार्क कमी पडले की आमच्या बीडकडे दोनच सल्ले मिळतात: रिपीट कर, नाहीतर डी.फार्म बघ. सार्वजनिक आरोग्याचं नाव कुणी काढत नाही. त्यात गोम अशी, की आपल्याकडे हा विषय मुख्यतः पदवीनंतर, एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) म्हणून शिकवला जातो. बारावीलाच ठरवलं, तरी मधली वर्षं कशात घालवायची?

मी बी.एस्सी. नर्सिंग केलं आणि तेच सुचवेन. राज्य सीईटी कक्ष त्याची वेगळी परीक्षा घेतो. सामुदायिक आरोग्य अभ्यासक्रमातच असतं, आणि एमपीएच हुकलं तर उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) होण्याची वाट राहते. घरच्यांना पटवायला हा शेवटचा मुद्दा फार कामी येतो! पण बीएसडब्ल्यू (समाजकार्य), संख्याशास्त्र किंवा बीएएमएस केलेलेही एमपीएचच्या वर्गांत दिसतात. शाखेवरून अडत नाही. अडतं ते गाव नीट न बघितल्यामुळे.

बघायचं म्हणजे काय? लसीकरणाच्या दिवशी आशाताईंसोबत वाडी-तांड्यावर जा. दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, कारखान्याला निघाले, की नोंदवहीतली किती लेकरं गावात उरतात ते विचारा. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेल्या बाईचा खाडा पडला तर पैसे कापले जातात. मग ती गरोदरपणी पाचव्या महिन्यात तपासणीला का येत नाही, हे सिस्टरला वेगळं समजवावं लागत नाही. पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष पुस्तकात आहे. तुमच्या उपकेंद्राकडे किती गावं आणि तिथवर एसटी कितीदा जाते, हे पुस्तकात नाही. सुट्टीत शक्य असेल तर पैठण तालुक्यातलं पाचोड, तुळजापूर तालुक्यातलं अणदूर किंवा आपल्या हद्दीलगतचं जामखेड, इथल्या आरोग्यसंस्थांचं काम बघून या. आरोळे दांपत्याने जामखेडला 1970 पासून गावातल्याच बायकांना शिकवून काम उभं केलं.

एमपीएचच्या प्रवेशासाठी झालेल्या मुलाखतीत मला जिल्ह्यातला एक आरोग्यप्रश्न विचारला. मी ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांबद्दल बोलले. 2019 मध्ये हा विषय गाजला, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समोरच्या मॅडम म्हणाल्या, "किती जणींपैकी किती?" सगळी मुलाखत या एका प्रश्नाभोवती फिरते. "खूप बायकांची पिशवी काढली" ही बातमी झाली. कोणत्या वयाच्या, ऊस तोडणाऱ्या किती, न तोडणाऱ्या किती, ऑपरेशन सरकारीत की खासगीत, हे विचारायला लागलात की सार्वजनिक आरोग्य सुरू होतं. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. 'कोणत्या वयोगटात' विचारलं की निम्मे गप्प होतात. "मला समाजसेवा करायचीय" हे वाक्य मात्र घरीच ठेवून जा. तिथे आलेल्या प्रत्येकाला ती करायचीच असते.

मुंबईच्या टिससाठी (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) 2024 पासून सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. पंच्याहत्तर प्रश्न, बरोबरला चार गुण, चुकलं तर एक वजा. कोणत्या कोर्सला कोणता पेपर कोड लागतो हे माहितीपत्रकातून बघूनच अर्ज भरा. कोड चुकला तर चांगला स्कोअरही त्या कोर्सला उपयोगाचा नाही.

कागदपत्रांचं काम जाहिरातीची वाट न बघता सुरू करा. केंद्राच्या संस्थेत ओबीसीला केंद्राच्या नमुन्यातलं जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेअर लागतं; राज्याचं चालत नाही. एसईबीसी, म्हणजे राज्याचं मराठा आरक्षण, तिथे लागू नाही, त्यामुळे त्या मुलांनी अटीत बसत असल्यास केंद्रीय नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढावं. सेतू केंद्रावर अर्ज देताना 'केंद्राचा नमुना' असं तोंडाने सांगा आणि हातात पडल्यावर मथळा वाचूनच तहसीलमधून बाहेर पडा.