हिमकण पाहायचा कसा, बर्फ मोजायचा कसा

जानेवारी-फेब्रुवारीत मनाली किंवा गुलमर्गला जाणार असाल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि काळ्या लोकरी कापडाचा तुकडा सोबत ठेवा. कापड आधी अर्धा तास बाहेर, छपराखाली गार होऊ द्या. खोलीतून आणून लगेच धरलंत, तर कण टेकताक्षणी विरघळतो. दुसरी हमखास चूक म्हणजे वाकून पाहताना त्यावर सोडलेला उच्छ्वास. श्वास बाजूला सोडा.

ढगातला थेंब धुळीच्या कणाभोवती गोठतो आणि भोवतीचं बाष्प थेट त्यावर चढत जातं. रेणूंची मांडणी षटकोनी, म्हणून चांदणीला टोकं सहा. आठ टोकांची चांदणी फक्त ग्रीटिंग कार्डावर! ढगात उणे ५ अंशांच्या आसपास सुया तयार होतात, उणे १५ला फांद्याफांद्यांच्या चांदण्या. ही सांगड जपानचे भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी घातली. १९३६मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत हिमकण वाढवला.

मोजण्यासाठी सरळ बाजूंचा डबा उघड्यावर, भिंतीपासून दूर ठेवा. आतला थर पट्टीने मोजा, मग झाकण लावून खोलीत वितळू द्या; शेगडीवर ठेवलात तर पाणी वाफ होऊन जातं. १० सेंमी भुरभुरीत बर्फाचं साधारण १ सेंमी पाणी होतं, ओल्या बर्फाचं बरंच जास्त. म्हणजे छपरावर १ मीटर कोरडा थर साचला, तरी दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भार.

सफरचंदाच्या फांद्या मोडतात त्या ओल्या बर्फानेच. काठीने झोडपू नका, गारठलेली फांदी तडकते. खालून हलकेच उचलून झटका.