ओझे ओढणारी पिकअप निवडताना: डिझेल की सीएनजी?

आषाढात माउलींची पालखी हडपसर सोडून दिवे घाटाच्या पायथ्याशी पोहोचते, तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात. सपाटीवर जी जोडी रथ सहज ओढते ती घाटात एकटी पुरत नाही, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पिकअप गाडी घेताना मात्र हीच गोष्ट आपल्या नजरेआड होते आणि शोरूममधील मायलेजचा आकडा ऐकून आपण धनादेश फाडतो. मंडपाचे साहित्य आणि चाकांवरचे जनरेटर भाड्याने देण्याच्या आमच्या व्यवसायात डिझेल आणि सीएनजी अशा दोन्ही गाड्या वापरून झाल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे की ओझे आणि चढ आधी ठरवावेत आणि इंधनाचा प्रश्न त्यानंतर घ्यावा.

एक खुलासा सुरुवातीलाच करायला हवा. इंटरनेटवर या विषयाचा शोध घेतला की अमेरिकेतील ‘गॅस विरुद्ध डिझेल’ अशी चर्चा पुढे येते. तेथे गॅस म्हणजे पेट्रोल, आणि ज्या गाड्यांबद्दल ते लोक बोलतात त्या सहा-सात लिटरच्या इंजिनांच्या, अनेक टनांचे ट्रेलर ओढणाऱ्या असतात. त्यांतील एका प्रसिद्ध पिकअपला १९८९ पासून कमिन्सचे डिझेल इंजिन बसते. ज्या कमिन्सने १९६२ मध्ये किर्लोस्करांसोबत आपल्या कोथरूडला कारखाना उभा केला, तीच ही कंपनी. त्यामुळे तेथील चर्चेतील तत्त्व आपल्या उपयोगाचे आहे, आकडे मात्र नाहीत. पुण्यात गॅस म्हणजे सीएनजी, आणि आपला प्रश्न एक ते दोन टन माल वाहणाऱ्या, प्रसंगी मागे जनरेटर किंवा छोटा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा आहे.

पहिले काम वजनकाट्यावर करावे, शोरूममध्ये नव्हे. आपण नेहमी जो माल भरतो तो सध्याच्या किंवा भाड्याच्या गाडीत पूर्ण भरून, चालक आणि सोबतची माणसे बसवून गाडी काट्यावर घालावी आणि नंतर तीच गाडी रिकामी तोलावी. अंदाज नेहमी कमी निघतो. आमच्याकडे लोखंडी पाइप, कनाती, गालिचे आणि खुर्च्या मिळून ‘टनभर’ माल असतो असे आम्ही कित्येक वर्षे म्हणत होतो, आणि काट्यावर तो भिजलेल्या गालिच्यांसह सव्वा टनाच्या वर गेला. या आकड्याची तुलना आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाशी करायची असते. एकूण वजनातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की जे उरते तेच खरे पासिंग, आणि त्यात माणसांचे वजनही येते. सीएनजी गाडीत टाक्यांचे वजन गाडीच्या खात्यात जमा असल्याने मालासाठी उरणारे वजन सहसा कमी असते. उदाहरणार्थ, टाटाच्या इंट्रा कुटुंबात डिझेलवरील व्ही ३० साठी कंपनीने १३०० किलो, तर सीएनजीवर चालणाऱ्या व्ही २० साठी १००० किलो माल सांगितला आहे. ‘थोडे जास्त भरले तर काय होते’ असे म्हणणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्यातील २०१९ ची दुरुस्ती वाचावी. तिच्यानुसार जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. दंडाहून मोठे नुकसान पाटे, टायर आणि ब्रेक यांचे होते, आणि ते दररोज होत असते.

आता चढाकडे वळू, कारण निर्णय खऱ्या अर्थाने येथे होतो. समजा, गाडी आणि माल मिळून अडीच टन वजन आहे आणि घाटात वीस मीटरला एक मीटर असा चढ आहे. केवळ चढासाठी सव्वाशे किलोची ओढ लागते, आणि टायरांचे घर्षण धरले तर ती एकशे साठ किलोच्या आसपास जाते. ताशी ३० किलोमीटर वेगाने हे ओझे वर न्यायला चाकांपाशी सुमारे १८ अश्वशक्ती लागते. मागे १२०० किलोचा जनरेटर जोडला की हाच आकडा २६ ते २७ पर्यंत जातो. माहितीपत्रकातील ५० किंवा ७० अश्वशक्ती पाहून हे किरकोळ वाटेल, परंतु तो आकडा इंजिन खूप फेऱ्यांवर किंचाळत असतानाचा असतो. चालक घाटात इंजिनाच्या मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांवर गाडी चालवतो. व्ही २० चा सीएनजीवरील कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ९५ न्यूटन-मीटर आहे, म्हणजे २००० फेऱ्यांवर इंजिन फार तर २७ अश्वशक्ती देईल, आणि त्यातली काही गिअरबॉक्स व डिफरन्शियलमध्ये खर्च होईल. व्ही ३० चा १४० न्यूटन-मीटर टॉर्क त्याच फेऱ्यांवर ४० अश्वशक्तीच्या जवळ पोहोचवतो. टॉर्क म्हणजे रथाची जादा बैलजोडी, असे मी नव्या चालकांना सांगतो.

यात उंचीचाही वाटा असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्का कमी होते, म्हणून वाईहून पसरणी घाट चढून स्ट्रॉबेरी आणायला जाणारी टर्बोविरहित सीएनजी गाडी वरच्या वळणांवर कंपनीच्या आकड्यापेक्षा दहा-बारा टक्के अशक्त झालेली असते. टर्बो डिझेल इंजिन हवा दाबून आत घेत असल्याने त्याला ही घट बरीचशी भरून काढता येते.

हे सगळे मला कागदावर कळण्याच्या आधी दिवे घाटात कळले. सासवडच्या एका मंगल कार्यालयात संध्याकाळचे लग्न होते आणि डिझेल गाडी दुसऱ्या कामावर असल्याने छोट्या सीएनजी गाडीला जनरेटर जोडून पाठवण्याचा निर्णय मी घेतला, जो घ्यायला नको होता. पुढे उसाचा ट्रॅक्टर अडकल्याने गाडी ऐन वळणावर थांबली. पुन्हा फर्स्ट टाकून क्लच सोडला की गाडी वीतभर पुढे सरके, थरथरे आणि बंद पडे. तिसऱ्या प्रयत्नाला क्लचप्लेटचा तो जळका, रबरासारखा वास केबिनमध्ये भरला. मदतनीस मुलगा खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावून उभा होता. एका हाताने तो मागच्या गाड्यांना थांबायची खूण करत होता आणि त्याची नजर दगडावरून हलत नव्हती. शेवटी जनरेटर सोडवून बाजूला घेतला आणि ट्रॅक्टरवाल्याच्या मदतीने वर नेला. क्लचचा खर्च मी विसरलो आहे, परंतु त्या मुलाचा चेहरा विसरलेलो नाही. ओढण्याची गाडी निवडताना चढावर थांबून पुन्हा निघण्याची क्षमता ही पहिली कसोटी असावी, हे मी त्या दिवशी शिकलो.

डिझेल इंजिन ओझ्याला का पुरते, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. त्यात हवा पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी जास्त दाबली जाते, ठिणगीशिवाय इंधन पेटते, आणि टर्बोमुळे कमी फेऱ्यांवरच भरपूर टॉर्क मिळतो. सीएनजी इंजिन मुळात पेट्रोलचेच असते. वायुरूप इंधन सिलिंडरमधील हवेची जागा व्यापते, त्यामुळे त्याच इंजिनाची ताकद गॅसवर दहा टक्क्यांच्या आसपास घटते. परंतु डिझेलची बाजू एकतर्फी नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुरावर प्रक्रिया करणारी यंत्रणा गुंतागुंतीची झाली. काजळी अडवणारा फिल्टर ठरावीक काळाने स्वतःला तापवून काजळी जाळतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. जी गाडी दिवसभर मंडई, रविवार पेठ आणि मार्केट यार्ड यांच्या दरम्यान दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारते, तिचा फिल्टर वारंवार तुंबतो, दिवा लागतो आणि गाडी वर्कशॉपला जाते. ज्या मॉडेलमध्ये धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे द्रावण लागते, तेथे तो खर्च आणि ती शिस्त वेगळी. शहरातल्या शहरात हलका माल वाटणाऱ्याने म्हणूनच सीएनजी घ्यावी, असे मी निःसंकोच सांगतो.

इंधनखर्चाचा हिशेब किलोमीटरवर न करता टनावर करावा. समजण्यासाठी दोन्ही इंधनांचा दर ९० रुपये धरू. डिझेल गाडी लिटरला १२ किलोमीटर चालली तर किलोमीटरला साडेसात रुपये पडतात, आणि सीएनजी गाडी किलोला १५ किलोमीटर चालली तर सहा रुपये. वर्षाला १८,००० किलोमीटर फिरणाऱ्याला यात २७,००० रुपयांची बचत दिसते आणि बहुतेक जण येथेच थांबतात. आता माल मोजा. डिझेल गाडी १.३ टन भरून नेते, म्हणजे एक टन एक किलोमीटर नेण्यास ५ रुपये ७७ पैसे लागतात, आणि एक टन नेणाऱ्या सीएनजी गाडीला ६ रुपये. पूर्ण भरून धावणाऱ्याला डिझेल स्वस्त पडते आणि अर्धी गाडी भरून फिरणाऱ्याला सीएनजी. दर बदलले की हा तोल हलतो, म्हणून आपल्या पंपावरचा आजचा दर आणि आपल्या गेल्या महिन्याच्या फेऱ्या घालून हेच गणित स्वतः करावे. खर्चात पंपावरच्या रांगेचा वेळही धरावा. शहरात गॅसचे पंप पुष्कळ आहेत, परंतु गर्दीच्या वेळी दाब उतरला की टाकी पूर्ण भरत नाही, आणि घाटापलीकडच्या लांबच्या भाड्याला जाताना परतीचा गॅस कोठे मिळेल हे आधी पाहावे लागते. काही सीएनजी गाड्यांत पेट्रोलची छोटी टाकीही असते, ती अडचणीपुरती आहे. सीएनजी टाक्यांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते हेही लक्षात असू द्यावे.

ट्रेलर नियमित ओढायचा असेल, तर माझ्या मते छोट्या गाडीचा विचारच सोडून द्यावा. बोलेरो पिकअपसारखे अडीच लिटरचे, २०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देणारे डिझेल इंजिन किंवा त्याहून मोठे पाहावे. किती वजन ओढता येईल हे कंपनीच्या माहितीपत्रकात नसेल तर लेखी विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत हुक बसवू नये. ट्रेलर भरताना त्याच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. वजन मागे गेले तर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि मग तो सावरणे अनुभवी चालकालाही जड जाते. ट्रेलर हेही कायद्याने वाहनच आहे, त्यामुळे त्याची नोंदणी आणि विम्यातील स्वतंत्र नोंद हवी.

उताराबद्दल एक गोष्ट डिझेलच्या चाहत्यांना रुचत नाही. पेट्रोल आणि सीएनजी इंजिनात पाय काढताच हवेची झडप बंद होऊन गाडी रोखली जाते, डिझेलमध्ये एग्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारी झडप) नसेल तर हा रोध कमी मिळतो. म्हणून डिझेल गाडीत ओझ्यासह उतरताना ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरावे. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांमुळे सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. तेथे इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रल करणारा चालक ब्रेक तापवून स्वतःचा आणि पुढच्यांचा जीव धोक्यात घालतो. चालक ठेवताना मी हा प्रश्न आवर्जून विचारतो.

कागदपत्रांचे थोडक्यात असे: एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे या मर्यादेच्या अलीकडची आणि पलीकडची गाडी यांत निवड असेल तर तो फरकही मोजावा. ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. फिटनेस प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते.

शेवटी चाचणी. रिकामी गाडी बाणेरच्या सपाट रस्त्यावर फिरवून काहीच कळत नाही. विक्रेत्याला पासिंगइतकी वाळूची पोती हौद्यात भरून द्यायला सांगावे आणि गाडी दिवे घाटात किंवा जुन्या कात्रज घाटात न्यावी. सकाळी लवकर, वाहतूक कमी असताना, मागे मोकळी आणि पुढचे दिसेल अशी जागा पाहून चढावर थांबावे, हँडब्रेक ओढावा आणि पुन्हा निघावे. असे तीनदा करावे. तिसऱ्या वेळी क्लचचा वास आला नाही, फर्स्टवरून सेकंड टाकताना गाडीने दम टाकला नाही आणि हँडब्रेकवर ती इंचभरही मागे सरकली नाही, तर किमतीची बोलणी सुरू करावीत. विक्रेता भरलेल्या गाडीची चाचणी द्यायला तयार नसेल, तर ज्याच्याकडे तेच मॉडेल आहे असा व्यावसायिक मार्केट यार्डाच्या गाळ्यांपुढे सकाळी हमखास भेटतो. त्याच्या एका फेरीचे भाडे देऊन शेजारच्या सीटवर बसावे.