पेशी मेली, पण कशी? पेशीमृत्यू आणि दाह अभ्यासताना या चुका टाळा

एमएस्सी बायोटेकच्या प्रोजेक्टचे अहवाल तपासायला घेतले की दर वर्षी तोच साचा समोर येतो. एखाद्या वनस्पतीचा अर्क, एक कॅन्सर सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवत नेलेल्या कॅन्सरपेशी), किती पेशी जिवंत आहेत याचा अंदाज घेणारी एक एमटीटी प्लेट, आणि शेवटच्या पानावर निष्कर्ष: ‘या अर्कामुळे अपॉप्टोसिस होतो.’ मधल्या पानांत अपॉप्टोसिसचा, म्हणजे पेशीच्या नियोजनबद्ध मरणाचा, एकही पुरावा नसतो.

याचा मला मनापासून त्रास होतो, कारण या विषयात पेशी कशी मेली यावरच सगळं अवलंबून असतं. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पेशी आकसते, पडद्यात गुंडाळलेले तिचे तुकडे होतात, मॅक्रोफेज या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. आतलं काही बाहेर सांडत नाही, म्हणून दाह (इन्फ्लमेशन) होत नाही. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये याच मरणाला अपॉप्टोसिस हे नाव दिलं. नेक्रॉप्टोसिस आणि पायरॉप्टोसिस या पेशीमृत्यूच्या दुसऱ्या दोन प्रकारांत मात्र पडदा फुटतो. एटीपी, एचएमजीबी१ अशी आतली द्रव्यं बाहेर पडतात, पायरॉप्टोसिसमध्ये दाह भडकवणारं आयएल-१ बीटा हे प्रथिनही, आणि प्रतिकारपेशी तिकडे धाव घेतात. गाऊटमध्ये युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक मॅक्रोफेजमधलं एनएलआरपी३ इन्फ्लमासोम (दाह सुरू करणारं प्रथिनांचं यंत्र) जागं करतात आणि रुग्णाला रात्री अंगठ्यावर चादरीचा स्पर्शही सोसत नाही. ‘पेशी कमी झाल्या’ एवढंच लिहिलं तर यातलं काहीच कळत नाही.

एमटीटीवरून मृत्यू ठरवणं

माझा सगळ्यात जास्त वेळ याच चुकीवर जातो. एमटीटी ही मॉसमनची १९८३ ची पद्धत. जिवंत पेशीतली रिडक्टेज एन्झाइम्स पिवळ्या रसायनाचं जांभळं फॉर्माझान करतात आणि आपण ५७० नॅनोमीटरला रीडिंग घेतो. म्हणजे मोजतो तो चयापचय. औषधानं पेशींचं विभाजन नुसतं थांबवलं, तरी ७२ तासांनी रीडिंग कंट्रोलच्या निम्म्यावर येऊ शकतं, आणि तोवर एकही पेशी मेलेली नसेल. उलटही घडतं. अर्कात पॉलिफेनॉल किंवा क जीवनसत्त्व असेल तर ते पेशींशिवायच एमटीटीला जांभळं करतं. पेशी मेल्या तरी प्लेट जांभळीच दिसते. म्हणून प्लेटमधल्या पेशी नसलेल्या दोन-तीन खळग्यांत (वेलमध्ये) मीडिया म्हणजे पेशींचं पोषक द्रव, अर्क आणि एमटीटी घालून बघायचंच. ‘प्लेटमध्ये जागा नव्हती’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

रंगीत आणि चमकणाऱ्या औषधांचा घोळ याहून मोठा. एक विद्यार्थिनी हळदीतल्या करक्युमिनवर काम करत होती. फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी लेझरनं तपासणाऱ्या मशीनवरून धावतच आली. “मॅडम, जवळजवळ सगळ्या पेशी अ‍ॅनेक्सिन पॉझिटिव्ह आल्या!” अ‍ॅनेक्सिन हे प्रथिन मरू लागलेल्या पेशीच्या पडद्याला चिकटतं आणि त्याला जोडलेल्या चमकत्या रंगावरून ते दिसतं. पोस्टरचा मजकूरही तिनं लिहायला घेतला होता. मी म्हटलं, आधी त्याच बॅचचा फ्लास्क दाखव. मायक्रोस्कोपखाली पेशी तळाला नीट पसरून चिकटलेल्या, कडा स्वच्छ, फुगवटे कुठेच नाहीत. खरोखर इतक्या पेशी मरत असत्या तर मीडियात तरंगत्या पेशींचा खच पडला असता. करक्युमिन स्वतःच निळ्या प्रकाशात हिरवं चमकतं, म्हणजे ४८८ नॅनोमीटरच्या लेझरवर नेमकं फिट्सी या हिरव्या रंगाच्या चॅनेलमध्ये दिसतं, आणि तिचं अ‍ॅनेक्सिन फिट्सीचंच होतं. औषध दिलेल्या पण रंग न लावलेल्या पेशींची ट्यूब तिनं ठेवलीच नव्हती. ती ट्यूब चालवल्यावर अ‍ॅनेक्सिनशिवायही पेशींचा ढग त्याच जागी दिसला. मग लाल लेझरवर वाचता येणारं अ‍ॅनेक्सिन घेऊन सगळं नव्यानं केलं. कंट्रोलच्या जरा वर, एवढाच आकडा आला. पोस्टर मागे घ्यावं लागलं. रात्री उशिरापर्यंत थांबून काम करणारी मुलगी होती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. एका ट्यूबची घाई तिच्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवून गेली. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषधही असंच फसवतं, ते पीआय या फुटलेल्या पेशीतच शिरणाऱ्या लाल रंगाच्या चॅनेलमध्ये चमकतं.

तेव्हापासून आमच्याकडे मशीनच्या आधी मायक्रोस्कोप. फोटो काढल्याशिवाय पेशी उचलायच्या नाहीत.

ज्यांना एक ओळ पुरते

मीडिया ओतून देऊ नका, मेलेल्या पेशी त्यातच तरंगत असतात. त्या सेंट्रिफ्यूज करून चिकटलेल्या पेशींत मिसळा.

अ‍ॅनेक्सिनला फॉस्फॅटिडिलसेरिन या पडद्यातल्या मेदाशी जुळायला कॅल्शियम लागतं, तेव्हा पेशी तळापासून सुट्या करणाऱ्या ट्रिप्सिनमधलं, कॅल्शियम पकडणारं ईडीटीए नीट धुऊन काढा.

ट्रिप्सिनमध्ये पेशी जास्त वेळ ठेवल्या की पडदे फाटतात आणि तो मृत्यू औषधाच्या नावावर जमा होतो.

फुटलेल्या पेशीतून बाहेर येणारं एलडीएच हे एन्झाइम सीरममध्येही असतं. सीरमवाल्या मीडियाचं नुसतं रीडिंग वजा केल्याशिवाय एलडीएचचा आकडा लिहू नका.

मायकोप्लाझ्मा या पेशींत नकळत वाढणाऱ्या जिवाणूची तपासणी न केलेल्या पेशींवर दाहाचा प्रयोग करूच नका.

अ‍ॅनेक्सिन आणि पीआय दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे लेट अपॉप्टोसिस?

नाही. पडदा फुटला की अ‍ॅनेक्सिन आत शिरून आतल्या बाजूच्या फॉस्फॅटिडिलसेरिनलाही चिकटतं. त्यामुळे नेक्रॉप्टोसिसनं किंवा पायरॉप्टोसिसनं मेलेली पेशीही ग्राफच्या त्याच चौकोनात पडते. शिवाय प्लेटमध्ये साफसफाईला मॅक्रोफेज नसतात. अपॉप्टोसिसनं मेलेली पेशी तिथं पडून राहते आणि काही तासांनी तीही फुटते. फक्त २४ तासांचा एकच टाइम पॉइंट घेतलात तर कोण कुठून आलं ते सांगता येणार नाही. मी ४, ८, १२, २४ असे टप्पे घ्यायला लावते. रविवारी यावं लागतं, ही तक्रार मला मान्य आहे, पण त्यावर दुसरा इलाज नाही.

इथंच झेडव्हॅडचा गोंधळ होतो. अपॉप्टोसिस घडवणारी कास्पेज एन्झाइम्स अडवणारं हे रसायन घातलं आणि तरी पेशी मेल्या, तर ‘मृत्यू कास्पेजवर अवलंबून नाही’ असं लिहून लोक मोकळे होतात. एल९२९ या उंदराच्या पेशींना टीएनएफ या दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनासोबत झेडव्हॅड द्या, त्या आणखी वेगानं मरतात. कास्पेज-८ अडवल्यावर आरआयपीके१, आरआयपीके३ आणि एमएलकेएल या प्रथिनांचा रस्ता मोकळा होतो आणि पेशी नेक्रॉप्टोसिसकडे वळते. सोबत एका वेलमध्ये आरआयपीके१ अडवणारं नेक्रोस्टॅटिन-१ घाला. पेशी वाचल्या तर दिशा कळली, मग फॉस्फोरिलेटेड एमएलकेएलचा ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखण्याची चाचणी) करा. पायरॉप्टोसिसचा संशय असेल तर पडद्याला छिद्रं पाडणारं गॅसडर्मिन डी तुटलंय का ते बघा. आयएल-१ बीटा मोजणाऱ्या नुसत्या एलायझा चाचणीवर विसंबू नका, कारण पेशी फुटली की ३१ किलोडाल्टनचं कच्चं रूपही बाहेर येतं आणि काही किट तेही मोजतात. ब्लॉटवर तयार रूपाची १७ किलोडाल्टनची पट्टी दिसली पाहिजे.

आणि लाइन निवडताना ती लाइन काय करू शकते ते वाचा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या रिपॉझिटरीकडे मागणी पाठवण्याआधी हे काम एका दुपारी होतं. रॉ २६४.७ मध्ये इन्फ्लमासोम जुळवणारं एएससी हे प्रथिन नाही, तिथं एनएलआरपी३ इन्फ्लमासोम शोधणं व्यर्थ. एमसीएफ-७ मध्ये कास्पेज-३ नाही. हेला पेशींत आरआयपीके३ नाही. ‘फ्रीजरमध्ये होती म्हणून वापरली’ हे प्रयोगाचं कारण होऊ शकत नाही.

एलपीएस सगळीकडे असतं

ई. कोलायमध्ये बनवलेलं प्रथिन मॅक्रोफेजवर टाकलं आणि टीएनएफ वाढलं, की प्रथिनाला श्रेय मिळतं. त्यात एलपीएस, म्हणजे जिवाणूच्या आवरणातला दाह भडकवणारा घटक, किती होता हे कुणी बघत नाही. ऑटोक्लेव्हनं जिवाणू मरतात, पण त्यांचं एलपीएस शाबूत राहतं. काचेच्या भांड्यांना २५० अंशांवर अर्धा तास कोरडी उष्णता द्यावी लागते. माझी पहिली चाचणी स्वस्तातली आहे: नमुना उकळा. प्रथिनाचा परिणाम असेल तर तो जायला हवा. उकळूनही टिकला तर एलपीएसवर संशय घ्या, एलपीएस निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घालून पुन्हा बघा आणि एलपीएस मोजणारी एलएएल चाचणी करा.

एलपीएसच्या बाबतीत फसगत मोठ्या प्रयोगशाळांचीही झाली आहे. कास्पेज-१ नसलेले उंदीर १९९५ मध्ये तयार झाले. एलपीएस टोचूनही ते सेप्टिक शॉकनं मरत नव्हते, म्हणून अनेक वर्षं कास्पेज-१ लाच जबाबदार धरलं गेलं. ते उंदीर १२९ वंशाच्या पेशींपासून केलेले होते आणि त्या वंशात कास्पेज-११ मुळातच बिघडलेलं असतं. दोन्ही जनुकं इतकी शेजारी आहेत की पुढच्या संकरांतही ती वेगळी झाली नाहीत. २०११ मध्ये कायागाकी आणि सहकाऱ्यांनी दोन्हींचा वाटा वेगळा काढला, तेव्हा त्या मृत्यूला मुख्यतः कास्पेज-११ जबाबदार असल्याचं समोर आलं; पेशीच्या आत शिरलेल्या एलपीएसला ते उत्तर देतं हे २०१३ मध्ये कळलं. त्यानंतर पायरॉप्टोसिसमधली गॅसडर्मिन डीची भूमिका २०१५ मध्ये उलगडली. म्हणून नॉकआउट (एखादं जनुक काढलेला) उंदीर वापरताना त्याचा वंश आणि त्याच आईबापांची नॉर्मल पिल्लं, दोन्ही मागा.

दाह कमी झाला, म्हणजे बरंच झालं?

टीएनएफ अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबनं संधिवाताच्या रुग्णांना खरोखर मोठा दिलासा दिला, पण त्याच औषधानं सुप्त क्षयरोग उसळलेले रुग्णही सापडले. आपल्या देशात ते सुरू करण्याआधी टीबीची तपासणी म्हणूनच टाळता येत नाही. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांना आयएल-१ बीटा रोखणारं कॅनाकिन्युमॅब किंवा प्लासिबो दिलं गेलं. १५० मिलिग्रॅमच्या गटात हृदयाच्या गंभीर घटना १५ टक्क्यांनी घटल्या, मात्र औषध घेणाऱ्यांत जीवघेणे संसर्ग वाढले.

प्लेटवर हीच चूक लहान रूपात दिसते. एलपीएस दिलेल्या मॅक्रोफेजवर अर्क टाकला, टीएनएफ उतरलं, अहवालात ‘दाहशामक’. कित्येकदा अर्कानं मॅक्रोफेजच मारलेले असतात आणि मेलेली पेशी टीएनएफ बनवत नाही. टीएनएफचा एलायझा आणि एलडीएच एकाच वेलच्या मीडियातून करा, मागे उरलेल्या पेशींची संख्या मोजा, आणि टीएनएफचा आकडा जिवंत पेशींच्या हिशेबात लिहा. ज्या डोसला पेशी मरतात तो डोस दाहशामकाच्या ग्राफमधून काढून टाका, तिथली घट सगळ्यात मोठी दिसत असली तरी.