आधी रांगून दाखव

माझ्या पाळणाघरात नवी मुलगी कामाला आली, की पहिल्या दिवशी मी तिच्या हातात मूल देत नाही. तिला रांगायला लावते. दारापासून मोरीपर्यंत, गुडघ्यांवर, जमिनीवर मुलाच्या हाती लागेल असं जे दिसेल ते उचलत. बिचारी लाजते, पण तिची मूठ उघडली की काहीबाही निघतंच: शेंगदाणा, टिकली, एकदा तर खेळण्यातला बटणासारखा सेल. असला सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजायला लागते. मूल हसत-खेळत असलं तरी थेट हॉस्पिटल.

मग मोरी. आमच्या लालबागच्या चाळीत पहाटे पाणी येतं, त्यामुळे घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं. रांगतं मूल बादलीत डोकावलं आणि तोल गेला, तर डोकं जड असल्यानं त्याला वर येता येत नाही, आणि आवाजही होत नाही. वीतभर पाणी पुरतं. म्हणून रिकामी बादली पालथी, पिंपाला घट्ट झाकण, मोरीला वरून कडी.

आता घशात अडकण्याचं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत फराळाचं ताट मी पलंगावर ठेवलं, चूक माझीच, आणि दीड वर्षाच्या पोरानं चिवड्यातला शेंगदाणा तोंडात टाकला. शेजारच्या काकू बोट घालून काढायला निघाल्या. त्यांचा हात मी अक्षरशः झटकला. दिसत नसलेली वस्तू बोटानं आणखी आत जाते.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर एकीनं १०८ लावायचा, दुसरीनं कामाला लागायचं. वर्षाच्या आतलं बाळ आपल्या हातावर पालथं घ्या, जबडा बोटांत, डोकं छातीपेक्षा खाली. दोन खांद्यांच्या मधे, तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध त्याच भागानं पाच दाब. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून. वर्षाच्या वरच्या मुलाला पाठीवर तशाच पाच थापा, पण दाब पोटावर: मागे गुडघ्यांवर बसून, बेंबीच्या जरा वर मूठ, आत आणि वर. मूल निपचित पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबत तोंडानं श्वास देणं. तो मात्र वाचून येत नाही, सेंट जॉन अॅम्ब्युलन्सच्या प्रथमोपचार वर्गात पुतळ्यावर हात बसवून घ्या.

थापांचा सराव मी बाहुलीवर घेते. सगळ्या पहिल्यांदा अंगाई म्हणताना थोपटतात तशा मारतात. "झोपवायचंय का तिला?" असं विचारावं लागतं.

भाजलं तर २० मिनिटं वाहतं साधं पाणी. नळ गेला असेल तर पिंपातलं तांब्यानं ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. आणि आजी कितीही रागावल्या तरी वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, गुटीतूनसुद्धा.

शेवटचं काम फुकटचं. पूर्ण पत्ता, मजला, जवळची खूण मोठ्या अक्षरांत लिहून दारामागे चिकटवा. त्या दिवाळीत पोरानं दाणा बाहेर टाकला, रडायला लागलं, पण १०८ वरचा माणूस पत्ता विचारत होता आणि २२ वर्षं इथे राहून मला गल्लीचं नाव आठवेना.