बर्फावर सायकल चालवताय? पहिल्या हिवाळ्यातल्या या चुका टाळा

फिनलंडमधल्या ओउलूतला माझा पहिला हिवाळा. बाहेर उणे १८ होतं तेव्हा मी निमूट बसनं ऑफिसला गेलो, आणि पारा शून्यावर आला त्या सकाळी ‘चला, ऊब आली’ म्हणत सायकल काढली. घरापासून दोनशे मीटरवर आडवा झालो. कोपर पुढे महिनाभर ठणकत होतं. शेजारून शाळेची दप्तरं अडकवलेली चार पोरं आरामात सायकल मारत गेली, ते दुखणं वेगळंच. अर्थात या गावात हिवाळ्यात सायकल चालवणं ही नवलाई नाही. हिवाळी सायकलिंगवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली इथेच भरली होती.

तर पहिली चूक हीच: थंडीला भ्यायचं आणि शून्याला भ्यायचं नाही. उणे १५ला बर्फ कोरडा असतो, चाकाखाली करकर वाजतो आणि टायरला बऱ्यापैकी पकड देतो. शून्याच्या आसपास मात्र त्याच बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो आणि त्याची काच होते. पुण्यात वळवाच्या पहिल्या सरीनंतर रस्ता कसा तेलकट होतो, आठवतंय? त्याच्या दसपट धरा. सगळ्यात फसवा असतो तो काळा बर्फ: रंग नसलेला, डांबर नुसतं ओलं असल्यासारखा दिसणारा. त्याची एक खूण सांगतो. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाही, तर ते पाणी नाही.

म्हणून सकाळचं तापमान एकटं बघू नका. काल दुपारी वितळलं होतं का, रात्री पुन्हा गोठलं का, हे बघा. इथलं हवामान खातं पायी चालणाऱ्यांसाठी निसरड्या वाटांचा वेगळा इशारा देतं, तो सायकलवाल्यांनाही तितकाच उपयोगी. आणि पुलावर जास्त जपा. त्याला खालून जमिनीची ऊब मिळत नाही, त्यामुळे बाकी रस्ता ठीक असतानाही पूल आधी गोठतो.

ब्रेकचा डावा-उजवा

ही चूक खास आपली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे स्कूटरचा डावा ब्रेक मागचा आणि उजवा पुढचा. सायकलींचंही बहुतेक तसंच. युरोपातल्या बहुतेक देशांत सायकलचा डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. डोक्याला हे पाठ असतं, पण घसरायला लागल्यावर हात वीस वर्षांच्या सवयीनं चालतो. मागचा समजून डावा दाबला, की पुढचं चाक अडकतं आणि तुम्ही जमिनीवर. मागचं चाक घसरलं तर सावरायला क्षणभर वेळ मिळतो, पुढचं घसरलं तर तोही नाही.

उपाय स्वस्त आहे: दुकानात सांगून केबल अदलाबदल करून घ्या, नाहीतर पायडल उलटं फिरवून लागणारा पाय-ब्रेक असलेली सायकल घ्या. इथले कितीतरी लोक हिवाळ्यासाठी अशीच साधी, एक-दोन गिअरची जुनी सायकल वेगळी ठेवतात. मला सुरुवातीला तो कंजूषपणा वाटायचा.

वळणाचा नियम एवढाच: ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. वळताना सायकल कलवू नका, हँडल हळू फिरवा आणि पायडल मारणं थांबवा. सीट एक-दोन इंच खाली घ्या, म्हणजे बसल्या बसल्या पाय टेकतो. रिमवर ब्रेक लागणारी सायकल असेल तर मधूनमधून लिव्हर हलकेच दाबत राहा. रिमवर बर्फाचा थर चढला असेल तर पहिल्या दाबाला काहीच लागत नाही.

टायर

खिळेवाले टायर महाग असतात, म्हणून अनेकजण एकच घेतात आणि जोर मागच्या चाकावर येतो म्हणून तो मागे लावतात. एकच परवडत असेल तर पुढे लावा. कारण वर आलंच आहे. कठीण मिश्रधातूचे खिळे असलेले टायर बघून घ्या, साधे पोलादी लवकर झिजतात. नवे टायर लावल्यावर पहिले ४० किलोमीटर डांबरावर शांतपणे चालवा, जोरात ब्रेक किंवा झटके नकोत, म्हणजे खिळे नीट बसतात. हवा टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत, पण खालच्या बाजूला ठेवा. दगडासारखी टणक हवा भरली तर कडेचे खिळे जमिनीला टेकतच नाहीत.

आणि खिळे काचेसारख्या बर्फावर चालतात, भुसभुशीत बर्फावर त्यांना धरायलाच काही नसतं. पावलांनी तुडवून मग गोठलेल्या चाकोऱ्या तर त्याहून वाईट. तिथे उतरून चालावं. मी अजूनही उतरतो.

सायकल घरात आणू नका

आपल्याला वाटतं, बिचारी गारठली असेल. पण उबेत बर्फ वितळतो, पाणी केबलच्या नळीत आणि फ्रीव्हीलमध्ये शिरतं, आणि बाहेर काढली की दहा मिनिटांत गोठतं. मग गिअर पडत नाही, किंवा ब्रेक दाबला की सुटत नाही. पायडल फिरतंय आणि चाक फिरत नाही, असं झालं तर फ्रीव्हीलमधले कुत्रे (पायडलचा जोर चाकाला देणारे छोटे खटके) गोठून चिकटलेत, असं समजा. तेव्हा बळ लावून उपयोग नाही. सायकल पूर्ण एक रात्र उबेत ठेवून कोरडी होऊ द्या, पातळ तेल सोडा आणि मग तिला थंड पण छपराखालच्या जागी हलवा. एकतर कायम थंड ठेवा, नाहीतर पूर्ण वाळवूनच बाहेर काढा. दिवसातून दोनदा आत-बाहेर करू नका.

कुलूप गोठलं तर त्यावर गरम पाणी ओतू नका. ते पाणी आतच राहतं आणि दुप्पट घट्ट गोठतं. किल्ली खिशात गरम करून हळूहळू घाला, आणि हिवाळ्याआधीच कुलपात तेल सोडून ठेवा.

इलेक्ट्रिक सायकलवाल्यांनी मात्र बॅटरी काढून घरात न्यावी. थंडीत ती कमी अंतर जाते, आणि गोठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावली तर कायमची बिघडते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, पाच मिनिटांत अंग तापतं. आत सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं. बोटं मात्र तापत नाहीत, त्यासाठी हँडलवर चढवायचे मोठे मोजे मिळतात. दिसायला विनोदी, पण घ्याच. दिवे पुढेमागे हवेतच. डिसेंबरच्या अखेरीस इथे दिवस साडेतीन तासांचा असतो.

शेवटची चूक मी दुसऱ्या वर्षी केली. मार्चअखेर रस्ते कोरडे दिसले, वाटांवर टाकलेली खडी उघडी पडली, ट्यूब दोनदा पंक्चर झाली. वैतागून खिळेवाले टायर काढून टाकले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी पाच अंश असायचं आणि पहाटे उणे तीन. ऑफिसला निघालो, आणि त्याच दोनशे मीटरवरच्या वळणावर पुन्हा आडवा. या वेळी कोपर दुसरं.