ली-एनफिल्डचे जुने लाकूड: न घासता, न कापता दुरुस्ती

शंभर वर्षे जुनी ली-एनफिल्ड, म्हणजे ब्रिटिश सैन्याची बोल्टची रायफल, हाती आली की बहुतेक जण पहिल्यांदा पॉलिश पेपर उचलतात. काळवंडलेले लाकूड घासून पांढरे करतात, वर चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन वार्निश) मारतात आणि रायफलीची निम्मी किंमत त्याच दुपारी घालवतात. लांब पुढचे लाकूड कापून शिकारी रायफल बनवण्याची हौस त्याहून वाईट. कापलेले लाकूड परत जोडता येते, पण जोड कायम दिसतो. जुन्या रायफलीच्या लाकडावरचे काम म्हणजे मळ काढणे, तेल काढणे, तडे बंद करणे आणि नवे तेल पाजणे. यातल्या कशालाही लाकूड कमी करावे लागत नाही.

इथले मोजमाप आणि क्रम १९०७ च्या शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड मार्क ३ चे आहेत. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत स्वातंत्र्याआधी व नंतर बनलेल्या रायफली याच घराण्यातल्या. भारतात परवान्यावर मिळणारी .३१५ स्पोर्टिंग रायफलसुद्धा याच यंत्रणेवर उभी आहे. तिचे पुढचे लाकूड मुळातच आखूड असते, बाकी काळजी तीच. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ ली-एनफिल्डमध्ये काही गोष्टी वेगळ्या आहेत, त्या जागच्या जागी सांगितल्या आहेत.

कायद्याचे आधी. भारतात नळी आखूड करायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे वेगळा परवाना लागतो आणि शस्त्राची दुरुस्ती कलम ५ खाली येते. त्यामुळे नळी, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग), ट्रिगर, रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा) यांचे काम परवानाधारक बंदूक कारागिराकडेच द्यावे आणि लाकडाची मोठी दुरुस्तीही त्याला विचारूनच करावी. परदेशात राहणाऱ्यांनी तिथला कायदा पाहावा.

उघडण्याचा क्रम

मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. काडतुसे त्या खोलीतही नकोत.

स्क्रूड्रायव्हर फटीत घट्ट बसणारा आणि फटीइतकाच रुंद हवा. बाजारातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरचे टोक निमुळते असते. ते घसरते आणि स्क्रूचे तोंड खराब करते. टोकाच्या दोन्ही बाजू समांतर होईपर्यंत दगडावर घासून घ्या. या रायफलीच्या स्क्रूंचे आटे ब्रिटिश आहेत, हार्डवेअरच्या दुकानातला मेट्रिक स्क्रू बसत नाही. जोर करून बसवला तर आटे कायमचे जातात. गंजलेल्या स्क्रूवर भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा, सोल्डरिंग आयर्नने त्याच्या डोक्याला थोडी ऊब द्या, मग फिरवा.

आधी तोंडाकडची नोजकॅप (पुढच्या टोकाची लोखंडी टोपी), मग मधला बाहेरचा पट्टा, वरचे हँडगार्ड (नळीवरची लाकडी आवरणे), पुढच्या लाकडाच्या पोटातून नळीभोवतीच्या आतल्या पट्ट्याला धरणारा स्क्रू व त्याची स्प्रिंग, आणि शेवटी ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची लोखंडी कडी). आतल्या पट्ट्याचा स्क्रू विसरला तर लाकूड सुटत नाही आणि ओढताना फाटते. हँडगार्ड पातळ असतात. मागच्या हँडगार्डचे मागच्या साइटच्या दोन्ही बाजूंना येणारे कान सर्वांत आधी तुटतात. स्प्रिंगच्या क्लिपा दोन्ही बाजूंनी सारख्या उचला, एका बाजूने उपसू नका.

पुढचे लाकूड सरळ खाली यायला हवे. तोंडाकडून वाकवून काढले तर मागच्या टोकाच्या आधारांचे कोपरे उडतात. रबरी हातोडीने मागून हलके ठोकत, दोन्ही बाजूंनी सारखे खाली आणा.

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक. मागच्या दस्त्याला रिसीव्हरशी बांधणारा लांब बोल्ट दस्त्याच्या मागच्या भोकातून दिसतो आणि तो आधी फिरवायचा मोह होतो. शॉर्ट मॅगझिन रायफलीत या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते पुढच्या लाकडात बसवलेल्या पट्टीत अडकते. पुढचे लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला की चौकोन लाकडाला आतून पिळतो आणि लाकूड मागून उभे चिरते. म्हणून पुढचे लाकूड निघाल्याशिवाय मागच्या बोल्टला हात लावायचा नाही. नंबर ४ मध्ये तो चौकोन नाही, पण सवय हीच ठेवा. दस्ता घट्ट असेल आणि लाकूड निरोगी असेल तर बोल्ट काढूच नका. बाहेरून साफ होतो.

मळ आणि तेल

पृष्ठभागावरचा मळ कापडावर टर्पेंटाइन घेऊन पुसा. चिकट जागी सर्वांत बारीक, म्हणजे ०००० नंबरचे स्टील वूल टर्पेंटाइनमध्ये भिजवून रेषेच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. शिक्के, कारखान्याच्या खुणा आणि उजवीकडच्या पितळी चकतीभोवती स्टील वूल नको, मऊ दातांचा जुना टूथब्रश पुरे. चकतीला ब्रासो लावू नका. दस्त्यावर एस, एल किंवा बी अक्षर असेल तर ती दस्त्याच्या लांबीची खूण आहे, तीही जपा.

ओव्हन क्लीनर किंवा कॉस्टिक सोड्याने लाकूड तासाभरात पांढरे होते, म्हणून लोक वापरतात. अल्कली लाकडाचे तंतू मऊ करते, ते पुढे भुसभुशीत होतात. अक्रोडाचा रंगही करडा पडतो.

खरा शत्रू आत असतो. वर्षानुवर्षे रिसीव्हरवर ओतलेले यंत्रतेल खाली झिरपते आणि पुढच्या लाकडाचा मागचा भाग काळा, मऊ करते. नखाने दाबून पाहा; खड्डा पडला तर तेल बाहेर काढावेच लागेल. रंगाच्या दुकानातली चॉक पावडर ॲसिटोनमध्ये कालवून दाट लेप करा, काळ्या भागावर अर्धा सेंटिमीटर जाड थापा, उघड्यावर आणि आगीपासून दूर. ॲसिटोन लगेच उडते आणि चॉक तेल शोषत पिवळसर होतो. वाळलेला लेप झटकून पुन्हा लावा. चॉक पांढरा राहू लागेपर्यंत करत राहा. कडक उन्हात काम लवकर होते, पण ऊन थेट नको, लाकूड वाकते. काळ्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून तासभर उन्हात ठेवा आणि आत जमलेले तेल पुसा.

खड्डे

दबलेला खड्डा वाफेने उठतो, कापलेला उठत नाही. तंतू तुटलेले असतील तर पाणी त्यांना जोडू शकत नाही. सुती कापड ओले करून दुमडा, खड्ड्यावर ठेवा, कपड्यांची गरम इस्त्री पाच ते दहा सेकंद टेकवा. उचला, पाहा, पुन्हा करा. तीन-चार वेळांत बराचसा वर येतो. शिक्क्याजवळ वाफ नको. शिक्का म्हणजेसुद्धा दाबून पाडलेला खड्डाच, तोही वर येऊन पुसट होईल. वाफेनंतर एक दिवस सुकू द्या.

तडे

तडे बहुधा तीन ठिकाणी येतात: पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला, ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूजवळ आणि दस्त्याच्या मानेत. मागच्या टोकाला पितळी पट्टी किंवा रिव्हेट असेल, तर ती कारखान्याने तडा थांबवण्यासाठीच घातली आहे, काढू नका. ईशापूरच्या अनेक रायफलींत पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू दिसतो, तोही मजबुतीचा.

तडा ॲसिटोनने दोनदा धुवा. तेल उरले तर कोणताही गोंद धरत नाही. २४ तासांचे, हळू घट्ट होणारे अरल्डाइट घ्या. पाच मिनिटांचे घट्ट होण्याआधी खोल जात नाही, आणि एम-सीलसारखी पुट्टी तर वरच राहते. मिश्रण हेअर ड्रायरने कोमट केले की पातळ होते. पातळ पाचर घालून तडा किंचित उघडा, आत भरा, पाचर काढा, वरचे ओघळ लगेच पुसा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या की वळणदार लाकडावर दाब सारखा बसतो, शिकंजाचे वण उठत नाहीत. ताण येणाऱ्या तड्याला तीन मिलिमीटरची आटे पाडलेली पितळी कांडी आतल्या बाजूने, तड्याला आडवी घाला. बाहेरून दिसता कामा नये.

आता ते आधार. गोळी सुटल्यावरचा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाशी, दोन्ही बाजूंच्या छोट्या बैठकींवर येतो. ट्रिगर गार्ड काढल्यावर लाकूड स्वतःहून खाली पडत असेल तर या बैठकी झिजल्या आहेत. नेम बिघडतो आणि तडे पुन्हा येतात. झिजलेला भाग चौकोनी कापून त्या जागी सागवान नव्हे, अक्रोड किंवा मेपलचा तुकडा बसवा, रेषा नळीच्या लांबीने ठेवून, म्हणजे लोखंडाला तुकड्याचे टोक भिडेल. सागात नैसर्गिक तेल असते, गोंद नीट धरत नाही. लोखंडाला काजळ लावून लाकूड बसवा आणि काढा: जिथे काळे उमटते तिथेच घासा. दोन्ही बाजूंना सारखे उमटले पाहिजे. हे घाईचे काम नाही, एका बाजूला थोडे जास्त गेले की तुकडा नवा करावा लागतो.

तेल पाजणे

ब्रिटिश सैन्यात कच्चे जवसाचे तेल वापरत. ते सुकायला आठवडे घेते. घरी डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल बरे. त्यातले ड्रायर ते लवकर घट्ट करतात. पहिला हात निम्मे टर्पेंटाइन मिसळून द्या. वीस मिनिटांनी वर राहिलेले सगळे पुसून घ्या, अगदी कोरडे. पुढचे पाच-सहा हात तेलाचे, प्रत्येकी पातळ, मध्ये किमान २४ तास. नळीची खाच, स्क्रूची भोके आणि उघडी टोके यांना दोन हात जास्त, कारण ओलावा तिथूनच शिरतो. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. तेल चिकटच राहते आणि त्यावर बुरशी धरते. चिकट झाले तर टर्पेंटाइनने पुसून दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात करा.

नवा तुकडा फिका दिसत असेल तर बाजारातला लाल डाय नको. काष्ठौषधीच्या दुकानात रतनजोत मिळते. २०० मिली तेलात २० ग्रॅम मुळे आठवडाभर भिजवून गाळा. इंग्लंडमधले बंदूक कारागीर त्याच गटातल्या अल्कानेट मुळाने तेलाला लाल रंग देत आले आहेत.

तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि गठ्ठ्यातले कापड आपोआप पेटते. मोकळ्या जागी दोरीवर सुटे वाळत घाला, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

परत जोडताना

दस्त्याचा बोल्ट आधी घट्ट करा. त्याचा चौकोन पुढच्या लाकडातल्या पट्टीशी सरळ येईल अशा स्थितीत थांबा, थोडा वाकडा असेल तर लाकूड बसवायचा हट्ट नको. पुढचे लाकूड तळहाताने दाबून जागेवर आणा. स्क्रूने ओढून आणू नका. ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूवरचा धातूचा नळकांड्यासारखा बुश विसरू नका, तो नसला की स्क्रू लाकूड चिरडत राहतो. लोखंडावर तेलाचा अगदी पातळ थर द्या आणि रायफल तोंड खाली करून ठेवा, म्हणजे जास्तीचे तेल पुन्हा दस्त्यात झिरपणार नाही.

दुरुस्तीनंतर गोळी झाडायची असेल तर आधी कारागिराकडून .३०३ काडतुसाच्या गेजने हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि नळीचे मागचे टोक यांतले अंतर, मोजून घ्या: किमान ०.०६४ इंच, कमाल ०.०७४ इंच. बोल्टच्या दांडीवरचा आणि रिसीव्हरवरचा क्रमांक जुळत नसेल तर ही तपासणी टाळायची नाही.